आईला पाठवायचा फोटो

ओल्या बांबूचा वास आला की जर्मनीतल्या आखनमधलं आम्हा तिघींचं स्वयंपाकघर आठवतं. लाओसच्या रूममेटने मला तिच्याकडचा चिकट भात शिकवला होता. रात्रभर भिजवलेला तांदूळ बांबूच्या टोपलीत वाफवायचा आणि मध्येच एका झटक्यात उलटायचा. मला ते पहिल्यांदा जमलं, तेव्हा आमची तिसरी, पुण्याची मैत्रीण ओरडली, “थांब, फोटो काढते, आईला पाठवते!” मग तिघींनी एकाच टोपलीतून हाताने खाल्लं. आठवड्याभराने घरमालकीणबाईंचं पत्र आलं. पुण्याची ही बया खिडकी बंद करून तिच्या खोलीत कपडे वाळवायची, तिथे भिंतीला बुरशी आली होती आणि तिने दोष माझ्या भाताच्या वाफेवर ढकलला होता. पुरावा म्हणून तिने बाईंना पाठवलेला तोच फोटो पत्राला जोडला होता. तिला विचारलं तर म्हणाली, “अगं, पण वाफ होतीच ना!” अजूनही भात उलटताना कोणी फोन काढला, की मी टोपली खाली ठेवते आणि विचारते, “कोणाला पाठवणार?”