दादाला गाणं कसं वाटलं

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बारावी झाल्या झाल्या तो फौजेत भरती झाला, तोफखान्यात. आमच्या कुंडलला त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही, गल्लीत एक घर सोडून एक घर फौजेतलं. नवल वाटलं ते पहिल्या रजेला त्याने काय आणलं त्याचं. आईला शाल आणि थर्मास, आणि मला एक मेमरी कार्ड.

"बारके, हेडफोन घाल आन गप ऐक," तो म्हणाला.

त्याच्या तुकडीतल्या एका पंजाबी सोबत्याने ते कार्ड भरून दिलं होतं. सगळी रॅपची गाणी. काही पंजाबी, काही इंग्रजी, दोन-तीन हिंदी. मी तोवर गाणं म्हणजे चाल असते एवढंच समजत होते. इथे चाल नव्हतीच. एक माणूस भांडल्यासारखा बोलत होता, आणि त्या बोलण्याखाली कुणीतरी छातीवर बुक्क्या मारत होतं. मला एक शब्द कळला नाही. पण गाणं संपल्यावर मी हेडफोन काढला तेव्हा दादा माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. त्याला माझं मत हवं होतं, घाईने.

"कसं वाटलं?"

"काय बोलतोय ते कळत न्हाई," मी म्हणाले, "पण कसला बोलतोय!"

तो इतका खूश झाला की त्याने मांडीवर थाप मारली. तिथून आमचं सुरू झालं.

पुढची सहा-सात वर्षं तो जिथे असेल तिथून मला गाणी पाठवायचा आणि मी त्याला. गाण्यामागोमाग व्हॉइस नोट जायची. आमची मतं काही जाणकाराची नव्हती. तोंडाला येईल ते बोलायचो. दादा म्हणायचा, "आगं ह्यो गडी श्वास कवा घेतोय? मला वाटलं आता पडतोय." किंवा, "सोन्याची साखळी बगितलीस का? बैलाला बी येवढी जाड दावण बांदत न्हाईत." एका व्हिडिओत एक जण बर्फात उघड्या अंगाने हिंडत होता. त्यावर दादाची नोट आली, "ह्याला आमच्या सुभेदारापुढं हुबा करा, उद्यापास्नं मफलर घालून गातंय." मी कडेगावला कॉम्प्युटरच्या क्लासवर टायपिंग शिकवत होते. दुपारच्या सुट्टीत त्याच्या नोटा ऐकून एकटीच हसत बसायचे.

मार्क द्यायची आमची पद्धत ट्रॅक्टरची होती. रटाळ गाणं पहिल्या गिअरचं. चांगलं निघालं तर तिसरा. चौथा गिअर वर्षाकाठी दोन-तीन गाण्यांनाच मिळायचा, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. दादा दणका ऐकायचा आणि मी शब्द. "तुला नुसतं धाडधाड पायजे," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "आगं दिवसभर तोफंपाशी हुबा ऱ्हातो. धाडधाड नगंच वाटतं. मी त्या धाडधाडीत तो माणूस कुटं घुसतो ते ऐकतो." दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शब्द कसा बरोबर बसतो, हे मला त्यानेच शिकवलं. नाहीतर मी आयुष्यभर नुसता अर्थ शोधत बसले असते.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. कधी, ते मला नेमकं सांगता येत नाही. आता मागे वळून बघताना सगळं लख्ख दिसतं, तेव्हा एकही गोष्ट दिसली नाही. तो म्हणायला लागला, "नेटवर्क न्हाई, टाईप करून पाठव." मी बोलून पाठवलेलं तसंच पडून राहायचं, लिहिलेल्याला मात्र उत्तर यायचं. त्याच्या नोटा मोठ्या आवाजात यायला लागल्या, शेजारच्या मळ्यात हाक मारावी तशा. मला वाटलं, वारा असेल तिकडे. आणि त्याची मतं बदलली. बूट कसले आहेत, गाडी कुठली, मागची भिंत कशी रंगवलीय. गाण्याबद्दल एकच वाक्य, "दणका लय भारी."

त्याच सुमारास एक गाणं आलं. आमच्याच बाजूच्या पोरांनी केलेलं, आमच्याच बोलीत. 'हाय' आणि 'न्हाई' आणि 'कवा' आणि 'तवा', कुठलीही लाज न बाळगता, थेट ठोक्यावर बसवलेलं. क्लासमध्ये मी मुलींना 'आहे' म्हणा, 'नाही' म्हणा असं सांगत आले होते. ते गाणं ऐकताना मला रडू आलं. क्लासच्या मागच्या जिन्यात बसून मी ते चार वेळा ऐकलं, आणि दादाला पाठवून दिलं. सोबत काही लिहिलं नाही. त्याला आधी ऐकू द्यावं म्हणून.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "क्यामेरा लय भारी मारलाय. शेवटचा ड्रोनचा शॉट बग, आख्खा ऊस दिसतोय."

बस, एवढंच. बोलीबद्दल एक अक्षर नाही. मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे टाईप केलं, "तू ऐकलंस का नुसतं बगितलंस?"

त्याने ते वाचल्याची खूण दिसली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "ऐकलं की. चौथा गिअर."

ते माझं वाक्य अजून त्या फोनमध्ये आहे. मी पुसलेलं नाही. पुसून काय होणार, त्याने ते वाचलंय.

त्या उन्हाळ्यात तो रजेवर आला. दुपारी आम्ही दोघं सोप्यात खाटेवर बसलो होतो, आई आत स्वयंपाकघरात होती. नुकतंच एका परदेशी गायकाचं नवं गाणं आलं होतं. मी फोन पुढे धरला आणि व्हिडिओ लावला. फोनचा आवाज बंद होता. क्लासमध्ये तो बंदच ठेवावा लागतो, आणि घरी आल्यावर चालू करायचा मी विसरले होते. व्हिडिओ सुरू झाला, गायकाचं तोंड हलायला लागलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी बटणाकडे बोट नेलं.

तेवढ्यात दादा मान डोलवायला लागला.

माझं बोट तसंच राहिलं. तो पडद्यावरच्या नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत होता आणि त्यांच्या पावलांवर खाटेच्या पट्टीवर बोटं आपटत होता. अगदी बरोबर. एकही ठोका चुकत नव्हता. मधेच म्हणाला, "आरारा, काय दणका हाय!" सोप्यात सगळं शांत होतं. आत आईच्या हातातली पळी कढईला लागत होती, तेवढाच आवाज. मी ते गाणं शेवटपर्यंत चालू दिलं. का चालू दिलं, ते मला माहीत नाही. थांबवायचं धाडस झालं नाही, एवढंच.

संपल्यावर तो हसून म्हणाला, "तिसरा गिअर. कडंला चौथा बी चालंल."

"दादा," मी म्हणाले, "आवाज बंद हुता."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की तो आल्यापासून माझ्या ओठांकडेच बघत होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, आवाज बंद असल्याची खूण बघितली, आणि परत माझ्या हातात दिला.

"आईला सांगू नगंस."

"कवापास्नं?"

"दीड वरीस झालं. उजवा गेल्यातच जमा हाय. डावा अर्दा."

सरावाला एकदा हुकूम नीट ऐकू यावा म्हणून त्यानेच कानातला बोळा काढला होता, आणि तोफ सुटायच्या आत परत घालायचा राहिला. त्याआधीही थोडं थोडं जातच असणार, तो म्हणाला. त्या दिवसापासून कानात शिट्टी वाजते, ती थांबतच नाही. जवळून, समोर बसून कुणी बोललं तर कळतं. आई फोनवर मुळातच ओरडून बोलते, त्यामुळे तिला कधी शंका आली नाही. हे सांगताना तो हसला. मग म्हणाला, "गाण्याचं म्हणशील तर दणका तेवढा लागतो गं अंगाला, हेडफोन घातला की. त्यातला माणूस ऐकू येत न्हाई."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तू येवढी हौसंनं पाठवतीस."

लपवून काही उपयोग नव्हता. फौजेच्या पुढच्या मोठ्या तपासणीत ते निघणारच होतं. आईला "कानात मळ साचलाय" असं सांगून मी त्याला सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका काचेच्या खोलीत त्याला बसवलं आणि हातात बटण दिलं, आवाज ऐकू आला की दाबायचं. मी काचेच्या बाहेर उभी होते. तपासणाऱ्या बाई एकेक आवाज सोडत होत्या. दादा सावधान बसावं तसा ताठ बसला होता, अंगठा बटणावर, आणि अंगठा हलत नव्हता. खूप वेळाने एकदा हलला. बाईंनी मान हलवली, कारण तेव्हा त्यांनी आवाज सोडलाच नव्हता.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली, डावीकडून बरी निघून एकाएकी खाली कोसळणारी. आतल्या नसेचं काम आहे, म्हणाले, गेलेलं परत येत नाही. कानाला यंत्र लावू, बोलणं समजायला मदत होईल, आणि मोठ्या आवाजापासून मात्र जपायचं.

"आणि गाणी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शरम वाटली. "आधी माणसांचं बोलणं ऐकू येऊ द्या त्यांना," ते म्हणाले.

यंत्र आलं. घरी आणून पहिल्याच दिवशी मी त्याला आमच्याच बोलीतलं ते गाणं लावून दिलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, अर्ध्या मिनिटाने यंत्र काढून मुठीत धरलं. "पत्र्यावर खडी वतल्यागत हुतंय," म्हणाला. मी आवाज कमी केला. जास्त केला. दुसरं गाणं लावलं. तो माझ्यासाठी ऐकत राहिला, हे मला दिसत होतं, तरी मी थांबले नाही.

मी त्याला शब्द टाईप करून दिले. ठोका पडतो त्या अक्षराखाली रेघ मारली. त्याने ती पानं वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली. मी त्याच्या पाठीवर बोटांनी ठोके वाजवून दाखवले. तो म्हणाला, "बारके, मी काय मुकं जनावर हाय का गं, थोपटायला?" हसत म्हणाला, पण मी हात काढून घेतला.

आणि मग मी जे केलं ते मला सांगायलाच हवं. गावात मिरवणूक होती. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचलेली. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी दादाला म्हणाले, अंगाला लागतं म्हणतोस ना, मग चल की, तिथं हात लावून बघ. तो नको म्हणत होता. आता डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकायचं, त्याला मोठ्या आवाजापासून जपायचं, एवढं मला कळायला हवं होतं. मी त्याला हात धरून नेलं. त्याने यंत्र काढून खिशात ठेवलं आणि तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकवला. क्षणभर त्याच्या तोंडावर जुनं काहीतरी आलं. तो माझ्याकडे बघून ओरडला, "लागतोय!" मी वेड्यासारखी नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठता येईना. घर फिरतंय म्हणायचा. कानातली शिट्टी इतकी वाढली की तो दोन्ही हातांनी डोकं धरून भिंतीला टेकून बसला. चार दिवस. आईला तेव्हाच सगळं कळलं. तिने मला काही बोल लावला नाही, फक्त विचारलं, "त्येला तितं कुणी नेलंतं?" मी म्हणाले, "मी." ती उठून आत गेली.

चक्कर गेली. डाव्या कानात जे अर्धं उरलं होतं, त्यातलंही काही त्या चार दिवसांत गेलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित तसंही गेलंच असतं. 'कदाचित' या शब्दावर मी किती दिवस काढले ते माझं मला माहीत.

फौजेच्या तपासणीत त्याला तब्येतीची खालची श्रेणी मिळाली. तोफेपासून काढून त्याला भांडारात कामाला दिलं, कपड्यांचे गठ्ठे आणि बूट मोजायला. तो त्याबद्दल तक्रार करत नाही. रोज एक मेसेज येतो. जेवलीस का. आई बरी हाय का. पाऊस झाला का. मीही तसंच उत्तर देते. जेवले. बरी हाय. न्हाई अजून.

मागच्या रजेत मी त्याला एकदा सरळ विचारलं. समोर बसून, सावकाश, त्याला ओठ दिसतील असं. "दादा, मी गाणी पाठवू का परत? नुसती बगायला?"

तो म्हणाला, "नगं. तू लिवतीस, दुसऱ्या कडव्यात असं झालं, तिथं तसं झालं. तुला आनंद झालेला दिसतो आन मी लांब कुटंतरी हुबा हाय असं वाटतं. तू ऐक. मला नगं सांगूस."

पण मला एकटीला ऐकता येत नाही. प्रयत्न केला. गाणं चांगलं असलं तर जास्तच त्रास होतो. ठोक्यांच्या फटीत शब्द बरोबर येऊन बसतो आणि मला ते सांगायला कुणी नसतं. वाईट गाणी मी शेवटपर्यंत ऐकू शकते, चांगली मध्येच बंद करते.

परवा त्या आमच्या बाजूच्या पोरांचं नवं गाणं आलं. क्लासमधल्या मुली सकाळपासून तेच लावून बसल्या होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, तुमी ऐकलं का? कसं वाटलं?"

"चांगलंय," मी म्हणाले, आणि त्यांना पुढचा उतारा टाईप करायला सांगितला.