दात लातूरचे, पाणी भोकरचे

एम.एस्सी.ला असताना मी नांदेडच्या कॉलेजात आमच्या सरांच्या प्रकल्पावर काम करत होते. प्रकल्प कसला, अजून अर्जच होता. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात विहिरींच्या पाण्याने दातांवर तपकिरी डाग का पडतात, हे शोधायला सरकारी अनुदान मिळावं म्हणून केलेला. आमचं गाव त्याच तालुक्यातलं, आणि माझे दात तसेच होते. त्या वर्षी दुष्काळ होता, आणि धाकट्या बहिणीचे दुधाचे दात पडून नवे आले, तेही डाग घेऊनच. आमच्या विहिरीचं पाणी एकदा तपासून मिळावं, एवढंच मला हवं होतं. पण पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. ते अनुदानातूनच येणार होतं.

अर्ज तीनदा नामंजूर झाला होता. सर मंजूर प्रकल्पांच्या याद्या मागवायचे आणि वारं कुठलं आहे ते बघायचे. एका वर्षी कुष्ठरोगाचे अर्ज धडाधड पास झाले, दुसऱ्या वर्षी हिवतापाचे. सर फक्त शीर्षक बदलायचे. ‘हिवतापाच्या रुग्णांचे दात व पाणी’ असं. कुटुंबनियोजनाच्या वर्षी मात्र तीन कागद खोडून वाया गेले. मग सरांनी ‘दोन अपत्यांनंतरचे दात’ असं लिहिलं.

याद्यांत तीच ती नावं दिसायची. अर्जात रकानाच होता, आधी मंजूर झालेल्या प्रकल्पाची प्रत जोडा.

“पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यानं काय जोडायचं, सर?” मी भीत भीत विचारलं.

“त्यानं दुसऱ्यांदा अर्ज करायचा,” सर म्हणाले.

वाट सापडली ती कॉलेजच्या हेडक्लार्कमुळे. “सर, लातूर नवा जिल्हा झालाय. तिथून एकबी अर्ज न्हाई, असं ऐकलंय. भोकर खोडा, लातूर लिहा.”

“पण डाग भोकरात आहेत,” मी म्हणाले.

“डागाला कोण इचारतंय, बाई? जिल्हा बघतेत.”

अर्जात लातूरची माहिती हवी, म्हणून आम्ही तिथल्या एका डाळमिलमध्ये कामगारांचे दात बघायला गेलो. मला फार लाज वाटत होती. मी तिथल्या म्हाताऱ्या मुकादमांना म्हटलं, “चाचा, जरा आ करा.”

“क्या बात है, बैलबाजार भरवलाय का? किती दाती हाय ते बघून राहिली काय?”

मागून एक हमाल ओरडला, “चाचाला दातच न्हाईत, ताई! निरोगी म्हणून लिवून टाका!”

आमच्यासारखा डाग एकाच्याही दातावर नव्हता. मी अर्जात प्रामाणिकपणे तसंच लिहिलं, आणि आता सगळं संपलं असं धरून चालले. दोन महिन्यांनी पत्र आलं. नव्या जिल्ह्यात हा रोग नाही, तेव्हा त्याच्या नसण्याचा अभ्यास व्हावा, म्हणून प्रकल्प मंजूर. अट एक, यंत्र लातूर जिल्ह्याबाहेर वापरू नये.

यंत्र लातूरच्या एका कॉलेजात बसवलं. “तू पाणीच तिकडे ने,” सर म्हणाले. “पाण्याला अट नाही.”

मी आमच्या विहिरीच्या तळातलं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरलं आणि एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, “लातूरला आता पाणीबी पार्सल चाललं का?” शेजारच्या मावशींना तहान लागली होती.

“घोटभर दे की, माय.”

“मावशी, हे प्यायचं नाही. तपासायचं आहे.”

“मंग तुमच्या घरी काय पितेत?”

“हेच,” मी म्हणाले.

मावशींनी माझ्या दातांकडे पाहिलं आणि स्वतःच कॅनचं झाकण घट्ट केलं.

यंत्राचा आकडा सुरक्षित मर्यादेच्या बराच वर गेला. मी तीनदा मोजलं. नोंदवहीत ‘जिल्हा’ या शब्दापुढे लातूर आधीच छापलेलं होतं, म्हणून आकडा तिथे न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून घेतला. घरी आले आणि आईला सांगितलं, “विहिरीचं पाणी वाईट आहे. धाकटीला देऊ नको.”

आईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. टँकर आठ दिवसांपासून आला नव्हता.

“बरं,” ती म्हणाली. “मंग तिला कोणतं देऊ?”

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला जाऊन सरांना हेच विचारलं. “हा प्रश्न आपल्या प्रकल्पात बसत नाही गं,” ते म्हणाले. “त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.” त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म काढून दिला, आणि मी तिथेच बसून जिल्ह्याच्या रकान्यात नांदेड लिहिलं.