दुपारी न झोपणारा माणूस

"बाई, पप्पा गेले." फोनवर पोरगी एवढंच बोलली. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या कारखान्यात गेटवर दिवसपाळी करताना बसल्या जागी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्याला आता दीडेक महिना होत आला. अजूनही गल्लीत शिरले की माझी नजर आधी त्यांच्या दाराकडे जाते.

ज्याच्यावर लिहायचं त्याचं नावच नाही, असा स्मृतिलेख मी तरी कुठे वाचलेला नाही. पण मला ते लिहिता येत नाही. वडिलांचं नाव लिहिलं की मुलगी ओळखू येणार, आणि तिच्या लहानपणी जो खटला झाला तशा खटल्यातल्या मुलीची ओळख उघड करायची नाही असा कायदा आहे. चांगला कायदा आहे, मोडायचा नाही. ती आता कॉलेजात जाते, स्वतःचं स्वतः ठरवते, म्हणून लिहू का असं तिलाच विचारलं. म्हणाली, लिहा, पण पप्पांना बिचारं करू नका. गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत, तेव्हा मीही भाऊच म्हणते.

भाऊ धुळ्याकडचे. लग्न झाल्याबरोबर सुरतेला आले आणि लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, कारखान्यात रातपाळीला लागले. मी त्याच गल्लीच्या तोंडाशी राहते, पालिकेच्या मराठी शाळेत शिकवण्यात जन्म घालवला. वर्गात नवीन मुलं आली की रातपाळीच्या घरातली कुठली, हे मला पहिल्याच दिवशी कळायचं. ती हळू बोलायची. बाकडं सरकवायचं तर उचलून सरकवायची. एका खोलीचं घर, रात्रभर लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला बाप सकाळी येऊन आडवा व्हायचा, तो थेट दुपारी चार वाजता उठायचा. तोवर घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, भांडी बाहेर नळावर नेऊन घासायची, रडायचं तर तेही बाहेर जाऊन. भाऊंची मुलगी यात सगळ्यात तरबेज होती. वहिनी कौतुकाने सांगायच्या, आमची पोर घरात आहे की नाही तेही कळत नाही. तेव्हा आम्हाला ते कौतुकाचंच वाटायचं.

ती दुसरीत असताना शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूने तिच्यावर हात टाकला. याहून जास्त मी लिहिणार नाही. मधे एक विटेची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे भाऊ झोपलेले. ती ओरडली नाही. काही दिवसांनी आईजवळ फुटली. लोक काय म्हणतील, या वहिनींच्या धास्तीत आणखी दोन-चार दिवस गेले, आणि मग भाऊच तिला कडेवर घेऊन पोलीस चौकीत गेले. कधी घडलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, पप्पा उठायच्या आधी. हवालदाराने बिनधास्त लिहून टाकलं, सकाळी. माणसं सकाळी उठतात, एवढंच त्याला ठाऊक. शाळा सुटल्यानंतरची ती भर दुपार होती.

सुरतच्या कोर्टात न्यायाधीशांनी आधी तिला इकडचं तिकडचं विचारलं. शाळा कुठली, खोटं बोललं तर काय होतं... तिला समजतंय अशी खात्री पटल्यावर साक्ष सुरू केली. समोरच्या वकिलाने विचारलं, वडील शेजारीच होते तर हाक का नाही मारलीस? तिने गुजरातीतच उत्तर दिलं, "पप्पा सुता हता." पप्पा झोपले होते. त्या वाक्याला भाऊंनी मान खाली घातली, ती काही केल्या वर येईना. निकाल लागला, जन्मठेप झाली. गल्लीत पेढे वाटायला निघालेल्यांना मी हाकलून दिलं.

मग आरोपीने अहमदाबादला हायकोर्टात अपील केलं, आणि पुढची कितीतरी वर्षं या घराचा जीव टांगणीला लागला. भाऊंनी लूम सोडलं. पगार कमी, प्रवास लांब, तरी इच्छापोरला दिवसपाळीच धरली. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांना आडवं झालेलं कोणी पाहिलं नाही. ताप असला तरी दाराशी भिंतीला टेकून बसायचे. वहिनींना म्हणायचे, टीव्ही मोठा कर, भांडी आपट. नव्या माणसाला वाटायचं, डोकं फिरलंय याचं.

अपिलाची तारीख लागली की पहाटेची गाडी धरून अहमदाबादला जायचे. बाजू सरकारी वकील मांडणार, बोलणं सगळं इंग्रजीत. मी एकदा चांगलंच झापलं, दिवसाचा रोज बुडवून तिथे तुम्ही करता काय? समजतं तरी का काही? ते शांतपणे त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "समजत नई, बाई. पन मनी पोरवर बोलतस, आपलं कोनी तठे नको का?" माझ्या पोरीबद्दल बोलतात, तिथे आपलं कोणी नको का, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या तारखेला डबा मीच करून दिला.

तिथे काय चाललंय ते सरकारी वकिलांना फोन करून मी विचारायचे आणि भाऊंना सांगायचे. समोरचे म्हणत होते, मूल आहे, कोणीही पढवून ठेवील. आधी सकाळ सांगितली, मग दुपार. तक्रार द्यायला उशीर. आणि सगळ्यात मोठा मुद्दा हा, की भिंतीपलीकडे सख्खा बाप असताना मूल ओरडत नाही, हे पटण्यासारखं आहे का? भाऊ माझ्या ओट्यावर बसून हे ऐकत होते. मग जे बोलले ते मी विसरणार नाही. म्हणाले, कोर्टाला पटलं नाही तर पोर खोटी पडेल. पटलं, तर माझ्या झोपेपायी ती गप्प राहिली, हे कायमचं खरं ठरेल. मला यातलं दुसरं हवंय. देव करो आणि कोर्टाला पटो.

निकाल लागला त्या दिवशी वकिलांनी तो माझ्या मोबाईलवर पाठवला. भाऊ समोर बसले. मी आधी शेवट गाठला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुन्हा कायम, पण जन्मठेपेची चौदा वर्षं केलेली. पहिलाच गुन्हा, कमी वय, घरी म्हातारे आईबाप, अशी कारणं. त्याच्या आईबापाचा विचार झाला. आमच्या भाऊंचा कुठल्या परिच्छेदात आहे, सांगा मला. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. भाऊंनी मला थांबवलं. "पोर गप ऱ्हायनी, त्याचं काय लिखेल शे?"

मग मी शोधून, मराठी करत करत सावकाश वाचलं. मुलाची साक्ष जपून तोलायची असते, पण विश्वास बसला तर तेवढीच पुरते, असं होतं. वेळेतला फरक किरकोळ, कारण हे मूल घड्याळाने नव्हे, वडिलांच्या उठण्याने वेळ सांगत होतं. आणि दिवसा झोपणाऱ्या बापाच्या घरात मूल आवाज न करायला शिकतं; त्याच्या गप्प राहण्याला मोठ्यांचं माप लावता येत नाही. भाऊंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पोर खरी." डोळे पुसले. मी म्हटलं, भाऊ, यात बापाची चूक आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, नीट ऐका. ते उठले, चपला घातल्या. "ते लिखानी गरज नई, बाई." त्यानंतर ते जेमतेम पाच-सहा महिने जगले. माणसाला उगाच इतका त्रास करून घेऊ नये, असं मला आजही वाटतं, आणि रागही येतो त्यांचा... पण तो राग कोणाला सांगणार?

त्यांना घरी आणलं तेव्हा दुपारच होती. त्याच खोलीत, जमिनीवर चादर घालून निजवलं. बायका वहिनींना धरून बसल्या होत्या. बाहेर गल्लीतली बारकी पोरं क्रिकेट खेळत, आरडाओरडा करत होती. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने दारातून त्यांना दटावलं, गप बसा रे, घरात काय झालंय दिसत नाही का? पोरं दचकून थांबली. सगळी गल्ली चिडीचूप झाली.

वडिलांच्या उशाशी बसलेली पोरगी उठली आणि दाराशी गेली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"काका, त्यांना गप नका करू. पप्पांना दुपारी आवाज लागतो."

पोरांना काय करावं कळेना. चेंडू पायरीपाशी येऊन थांबला होता. तिने तो उचलून परत फेकला, पोरं पुन्हा ओरडायला लागेपर्यंत दारातच उभी राहिली, आणि मग आत येऊन त्यांच्याजवळ बसली.