गलबतातून आलेली एकादशी

कार्तिकी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मी साबुदाणा भिजत घातला, तो दोघांचा. हात सवयीने चालला. सकाळी पातेल्यावरची ताटली उचलली तेव्हा लक्षात आलं. हे तर उन्हाळ्यातच गेले. साबुदाणा एकदा भिजला की भिजला, त्यातला अर्धा परत डब्यात जात नाही. टाकून देणं माझ्याने होत नाही. पण खरं सांगायचं तर खिचडी हे निमित्त होतं. मला त्या दिवशी एकटीने जेवायचं नव्हतं.

लंडनजवळ मेडनहेडला राहणाऱ्या मुलाला फोन केला. "आई, आज क्लायंट मीटिंग आली आहे गं," तो म्हणाला. "एकादशी सॅटर्डेला ठेव ना, मी ड्राइव्ह करून येतो."

"बरं, चंद्राला विचारून बघते," म्हटलं आणि ठेवला फोन. रागावण्यात अर्थ नव्हता. तो लहान असताना आमच्या दोघांच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्यांतून कुठली एकादशी आणि कुठलं काय.

मग शेजारच्या इंग्रज बाईंची बेल वाजवली, आज माझा उपवास, एक वाजता खिचडी खायला या म्हटलं. नॉटिंगहॅमच्या या गल्लीत आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण देवाणघेवाण कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन्सची आणि चुकून आलेल्या पार्सलांची. त्याही विधवा. एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ना, तशातली गत. एकला म्हणजे एकला त्या दारात हजर, हातात बिस्किटांचा पुडा. मी आभार मानून पुडा कपाटात ठेवला, तर त्यांनी ते बरोबर टिपलं.

"गहू चालत नाही आज?"

"नाही. तांदूळही नाही."

"आणि बटाटा चालतो?" बशीतल्या फोडीकडे बघत त्यांनी विचारलं. "असं का?"

हे हाडांचे डॉक्टर, पण जीव सगळा इतिहासात. उपवास माझा असायचा आणि एकादशी, दुप्पट खाशी, ती यांची. खिचडी खाता खाता मला चिडवायचं हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून यांचंच बोलणं सुरू झालं.

"त्याचं काय आहे, बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळं समुद्रापलीकडचं, अमेरिकेतलं. एक खलाशी आमचा देश शोधायला निघाला आणि लागला भलत्याच किनाऱ्याला. तिथल्या माणसांचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. त्यांची पिकं मात्र पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली. आमच्या बायकांनी बघितलं, गहू-तांदूळ वर्ज्य म्हणून सांगून ठेवलंय, पण या नव्या पाहुण्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. म्हणजे चालतात."

चमचा हवेत होता. हेही असाच धरायचे. पुढचंही आपोआप आलं.

"आम्हीही तसेच. इथले, घरचे डॉक्टर ख्रिसमसला सुट्टीवर गेले की वॉर्ड आमच्याकडे. रोजच्या पंगतीत जागा नव्हती, ती अशी उपवासाच्या दिवशी मिळाली."

बाई हसल्या नाहीत. "माझ्या नवऱ्याला ख्रिसमसलाच ॲडमिट केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखीच एक डॉक्टर होती. फार चांगली होती." त्यांनी मिरचीचा तुकडा हलकेच बशीच्या कडेला सारला. मग म्हणाल्या, "तुम्ही किती छान सांगता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

त्यांना सगळं पटलं होतं. मी मात्र थांबून राहिले. कशासाठी, ते कळायला जरा वेळ लागला. एवढं ऐकून झालं की दर एकादशीला मी यांना अडवायचे. म्हणायचे, "अहो, दारी आलेल्या पाहुण्याला गाव विचारू नये. जेवा मुकाट्याने." त्यावर हे आणखी चेकाळायचे, आणि खिचडी गार होईपर्यंत आमचं चालायचं.

बाई शांतपणे, शेवटच्या दाण्यापर्यंत जेवल्या. मला यांची इतकी आठवण आली की मी चमचा बशीत ठेवून दिला. यांचं सगळं मला बोलता आलं होतं. माझं वाक्य बोलायला त्या टेबलावर कोणी नव्हतं.