सासूबाईंच्या पोटाची चरबी

परवा कारंज्याच्या दवाखान्यात मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेली नाही...

तीन वर्षांपूर्वी उकळत्या तेलाने माझा उजवा गाल आणि मान भाजली. जखम भरली, पण कातडी आवळली. मान पूर्ण वळत नाही, हसलं की ओठ एका बाजूला ओढला जातो. त्यात मोबाईलवर जाहिरात दिसली... स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, भाजल्याचा डाग गायब!

आम्ही धनज गावचे. कारंज्याला महिन्यातून एकदा प्लास्टिक सर्जन येतात, म्हटलं त्यांना विचारून घ्यावं. नवऱ्याची सोयाबीनची काढणी सुरू, म्हणून सोबत सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. खरं सांगू? मला त्या नकोच होत्या. चारचौघांत गेलं की त्या माझा पदर गालावर ओढून देतात. मला वाटायचं, यांना माझ्या तोंडाची लाज वाटते.

डॉक्टरांनी जाहिरात पाहून कपाळाला हात लावला. असलं इंजेक्शन द्यायला परवानगीच नाही म्हणे! आणि मी तर नाव नोंदवून बसले होते... पायाखालची जमीनच सरकली.

मग त्यांनी वेगळंच सांगितलं. आपल्याच पोटाची चरबी सुईने काढायची, साफ करायची आणि आवळलेल्या कातडीखाली भरायची. त्या चरबीत थोड्या स्टेम सेल असतात, कातडी मऊ व्हायला मदत होते. डाग जाणार नाही, पण मान वळायला सोपं जाईल. मी हरखले... तेवढ्यात त्यांनी मला तपासलं आणि म्हणाले, "पण तुमच्या अंगावर चरबी आहे कुठे?"

सासूबाई ताडकन उठल्या.

ही बाई दोन वर्षं दुखरा गुडघा धरून घरी बसली होती, का तर गावातला डॉक्टर पुरुष आहे म्हणून. तिने या परक्या पुरुष डॉक्टरांसमोर पदर बाजूला सारला आणि स्वतःचं पोट दोन्ही हातांत धरलं.

"डाक्टर, माही काढा ना! लय हाय. लागन तेवढी घ्या."

नर्ससुद्धा बघतच राहिली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, दुसऱ्याची चालत नाही, शरीर घेत नाही. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "मी इची माय नाही म्हून?"

"नाही हो मावशी, सख्ख्या आईचीही चालत नाही."

"मायचीबी नाही?"

"नाही."

तेव्हा कुठे त्या खुर्चीवर टेकल्या.

मला तीन-चार किलो वजन वाढवून बोलावलंय. पुढचं काय व्हायचं ते होईल... पण मी तीन वर्षं या बाईबद्दल काय काय मनात धरून होते, ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आत्याबाई, चुकलं माझं. तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत होत नाहीये, म्हणून आधी सगळ्या जगासमोर म्हणतेय.