पर्लचं नाव पुसलं तेव्हा

माझी मावशी आर्डेला फ्रेझर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सव्हाना शहरात दुकानांच्या पाट्या रंगवून जगली. शहरातल्या कलाशाळेनं काळ्या मुलीला घेतलं नाही, म्हणून ती एका म्हाताऱ्या पाटीवाल्याच्या हाताखाली शिकली. रविवारी चर्चहून आली की आमच्याच माणसांची चित्रं काढायची. कुणाच्या गालावर तांबूस झाक, कुणाच्या कपाळावर निळसर. काळ्या कातडीचे इतके रंग मी तिच्याकडेच पाहिले.

एका चित्रात तिनं जीव ओतला होता. ते तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं. नाव 'पर्ल, गोऱ्यांचं धुणं उरकल्यावर'. सोड्यानं सोललेले हात मांडीवर, नजर थेट आपल्यावर.

मावशीची सत्तरी उलटल्यावर शहरातल्या संग्रहालयानं ते विकत घेतलं. तिच्या तरुणपणी तिथं आम्हाला आत सोडत नसत. उद्घाटनाला ती जांभळी हॅट घालून गेली. चित्राखाली लिहिलं होतं, 'विसावलेली स्त्री'.

तिनं संचालकांना, हॉलोवेसाहेबांना, विचारलं, "माझ्या आईचं नाव कुठं गेलं?"

"आर्डेला, मला माणसाचा रंग दिसतच नाही," ते प्रेमानं म्हणाले. चर्चमध्ये तिला थोरामोठ्यांसकट सगळे मिस फ्रेझर म्हणत. "मला फक्त कलावंत दिसतो. ही कुणाचीही आई असू शकते."

"कुणाचीही कशी असेल? तुमच्या घरचं धुणं तिनं धुतलं, तिचं कुणी धुतलं नाही. आणि मी जन्मभर हे रंग कालवले, ते काय तुम्हाला दिसू नयेत म्हणून?"

"ते दिवस गेले आता," असं म्हणून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

वर्तमानपत्रात छापून आलं, 'वर्णाच्या पलीकडे गेलेली चित्रकार'.

"पलीकडे म्हणजे कुठं गं?" मावशीनं मला विचारलं. "मी तर इथंच बसलेय."

चित्राखालचं नाव बदला म्हणून मी संग्रहालयात दोनदा जाऊन आले. समिती ठरवेल, म्हणाले. समितीनं काही ठरवलं नाही. मावशीनं हाती घेतलेलं चित्र अर्धंच ठेवलं. "कुणासाठी काढू?" एवढंच म्हणाली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

अंत्यविधीला हॉलोवेसाहेब आले. डोळे पुसत बोलले, "माझ्यासाठी ती कधीच काळी नव्हती."

आमच्या चर्चमध्ये बोलणाऱ्याच्या दर वाक्याला कुणी ना कुणी आमेन म्हणतं. त्या दिवशी कुणीच तोंड उघडलं नाही. साहेब थोडा वेळ थांबले आणि खाली बसले.