नाचणी भरलेली वेफर्सची पाकिटं

कामतघर वस्तीतल्या आमच्या गल्लीत सध्या दहा-बारा मुलं माझ्यामुळे रोज वेफर्स खातात.

नातवंडांनो, तुमच्या काकाची पिऊ तीन वर्षांची झाली, पण तीन महिने तिचं वजन तसूभर वाढलं नव्हतं. तुमची काकू वळ गावच्या गोदामात ड्युटीला जाते. तिथे फुटलेल्या खोक्यांतली वेफर्सची पाकिटं कामगारांना वाटून टाकतात. दमून आलेली काकू स्वयंपाकाऐवजी एक पाकीट फोडे, पिऊ दुसरं. मी पाकिटामागची बारीक इंग्रजी अक्षरं अख्ख्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवत असे. (कोणी विचारलं नव्हतं.)

पिऊ माझ्या नाचणीच्या कडक पुऱ्यांकडे ढुंकून पाहीना. शेवटी मी रिकामी पाकिटं स्वच्छ पुसली, पुऱ्यांचे तुकडे भरले आणि मेणबत्तीवर कडा चिकटवल्या. पिऊ ते पाकीट अंगणवाडीत नेई आणि रिकामं परत आणी. मी स्वतःवर बेहद्द खूश.

मग शेजारची सुनीता म्हणाली, "आजी, तुमचं बघून मी पन आमच्या बबल्याला येफर चालू केलं."

"कशाला?"

"आदी भ्याव वाटायचं. पन तुमी मागचं सगलं वाचता. वाचल्याबिगर नातीला द्याल काय?"

"अगं, माझ्या पाकिटात नाचणी असते."

"असंल की. आता सगलंच पाकिटात येतं."

आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्या शहाण्या आया तिच्या मागे गेल्या. महिनाअखेर अंगणवाडीत वजनं झाली. पिऊचा काटा जागचा हलला नाही. बबल्या अर्धा किलो वाढला होता.

"काय खायला घालतेस गं?" अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं.

"येफर," सुनीता अभिमानाने म्हणाली. "आजींच्यावानी."

मी पिऊच्या हातातलं पाकीट ओढलं. "बघा सगळ्यांनी, आत काय आहे ते."

आत नारिंगी मसाल्याचे अस्सल वेफर्स होते.

"हे बबल्याचं," पिऊ शांतपणे म्हणाली. "माझं तो खातो. रोज."

म्हणजे अर्धा किलो माझ्या नाचणीचा होता, फक्त चुकीच्या पोटात. हे मी दोनदा समजावलं. बायका मुलांच्या वजनाच्या वह्या मिटून दुकानाकडे निघाल्या होत्या.

"आजी," सुनीताने हाक मारली, "कंचं पाकीट घ्यायचं तेवडं वाचून सांगा की."

चष्मा घरी राहिला, असं मी ठणकावून सांगितलं. तो माझ्या नाकावरच होता.